लेकीला पोचवताना गाडी थरथरली

गाडीनं साठचा काटा ओलांडला की माझ्या तोंडातली कवळी वाजायला लागायची. आधी मला वाटलं, रस्ताच उखडलेला असेल. खिडकीतून पाहिलं तर रस्ता गुळगुळीत. गाडी मात्र आतून अशी हादरत होती, की जणू कुणी तिची मानगूट धरून तिला गदागदा हलवतंय. पोराच्या हातातलं स्टिअरिंग डावं-उजवं, डावं-उजवं फडफडत होतं आणि त्याच्या मनगटाच्या शिरा टरारून वर आल्या होत्या. पुढं त्याच्या शेजारी मी, मागं माझी लेक, आणि डिकीत तिची बॅग. तिला सासरी पोचवायला आम्ही पाथरीला निघालो होतो.

"माय, हे त्यानं मुद्दाम केलंय," पोरगा म्हणाला.

"कुणी रे?"

"कुणी म्हंजे? तुझ्या जावयानं. आन् कुणी?"

पोरानं गाडी हळू केली तशी थरथर कमी होत गेली, चाळीसवर पार गप झाली. त्यानं गाडी बाजूला घेतली, उतरला, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाला एक सणसणीत लाथ घातली आणि परत येऊन बसला.

"ह्याच चाकाचा एक्सल बसवलाय त्यानं. नट ढिला सोडला आसंल. ऐंशीवर चाक निसटलं असतं तर तिघंबी कालव्यात गेलो असतो. त्याला तेच पाहिजे."

आता हे सगळं नीट सांगायचं म्हणजे थोडं मागं जावं लागेल.

लेक पाथरीला दिलेली. जावयाचं तिथं रस्त्याच्या कडेला गॅरेज. गाडीच्या कामाला त्याचा हात लय चांगला, असं सगळेच म्हणतात आणि ते खोटं नाही. मानवत, सेलूपासून लोक त्याच्याकडं गाड्या घेऊन येतात. बायकोवर मात्र तो हात उचलायचा. पहिल्यांदा चापट, मग बुक्की, मग हातात येईल ते. दिवाळीच्या आधी त्यानं गाडीच्या इंजिनातल्या रबरी पट्ट्यानं तिला हाणलं आणि पट्ट्याचं टोक उजव्या कानावर बसलं. पडदा फाटला. लेक एसटीनं घरी आली ती कानावर पदर दाबूनच. दारात उभी राहून मला म्हणाली, "माय, ह्या बाजूनं बोलू नको, ऐकू येईना."

पोरगा त्याच पावली गेला. जावई एका जीपखाली आडवा होऊन काम करत होता. पोरानं त्याचे दोन्ही पाय धरून त्याला बाहेर ओढलं आणि गिऱ्हाइकांदेखत तुडवलं. पुढचे दोन दात पाडले. लोकांनी सोडवलं नसतं तर त्या दिवशी माझ्या घरातला एक तुरुंगात आणि लेकीच्या घरातला एक सरणावर, असंच झालं असतं.

मग दोन्हीकडची माणसं मध्ये पडली. बैठक बसली ती पोखर्णीला, देवळाच्या आवारात, कारण तिथं आवाज चढवायला कुणी धजत नाही. जावयानं नरसिंहाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, की बायकोवर पुन्हा हात उचलणार नाही. पोरानं शपथ घेतली, की दाजीच्या अंगावर पुन्हा जाणार नाही. ठरलं, की कान जरा बरा झाला की लेक नांदायला जाणार.

आणि तेवढ्यात गाडीचा एक्सल, इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा दांडा, गेला. वळणावर टक-टक-टक आवाज कधीचा येत होता, एक दिवस चाकाला ताकदच पोचेना. पोरगा त्या गाडीवर प्रवासी नेतो, देवदर्शनवाल्यांना, लग्नाच्या वऱ्हाडाला. गाडी बसली की तोही बसला. तर जावयाचाच फोन आला. "गाडी बाहेर कुटं देऊ नका, मामी. माझ्याकडं पाठवा. मी बसवतो." आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. मला तर लय बरं वाटलं. म्हटलं, माणूस तोंडानं बोलत नाही, पण कामातून बोलायलाय.

पोरगा गाडी ट्रॅक्टरमागं ओढत घेऊन गेला आणि नवा एक्सल बसवून घेऊन आला. आमच्याकडं असं आहे, की बैलगाडी असो की मोटार, मोठं काम निघालं की ती आधी शेतातल्या म्हसोबाला दाखवायची, नारळ फोडायचा, आणि मगच रस्त्यावर घालायची. म्हणून तो पाथरीहून परस्पर शेतात गेला, नारळ फोडला, घरी आला. बहिणीला त्याच गाडीनं पोचवायचं म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी चकचकीत धुतली. मग लेकीच्या जाण्याचा दिवस उजाडेपर्यंत गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी होती. मोठ्या रस्त्याला ती लागली ती थेट त्या दिवशीच.

तर आता तुम्हीच सांगा, संशय कुणावर जाणार. एक्सल बदलला आणि गाडी थरथरायला लागली. मध्ये दुसरं काही घडलंच नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र एकच चाललेलं. नट ढिला राहिला असेल तर चालेल, चूक कुणाचीही होते. पण तो जाणून सोडला असेल तर? जी गाडी आपल्या बायकोला घेऊन येणार आहे तिचाच नट ढिला सोडणारा माणूस. त्याच्या घरात मी लेक कशी घालू? ही बॅग आज खाली उतरायची की नाही, ते मला त्या चाकावरूनच ठरवायचं होतं.

"चल पाथरीला," मी पोराला म्हणाले. "हळू चल. पण हात उचलायचा न्हाई. आधी बघायचं."

"बघायचंच हाय," तो म्हणाला, आणि कसं बघायचं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा जावयानं गॅरेजसमोर पाणी शिंपडलेलं. अंगात नवा शर्ट, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. टपरीवाल्याला चहा सांगायला हातानं खूण करतच तो पुढं आला. "या मामी, या. लय उशीर केला."

पोरगा उतरला तो टॉमी घेऊनच. टॉमी म्हणजे जॅक फिरवायचा लोखंडी दांडा, सीटखाली असतो. मी दार उघडेपर्यंत त्यानं तो फिरवला होता. पहिला घाव जावयाच्या खांद्यावर बसला. नवा शर्ट उसवला आणि त्यातून रक्त आलं. दुसरा घाव जावयानं चुकवला, तो मागं उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीच्या दिव्यावर बसला आणि काचा सगळीकडं उडाल्या. टपरीवाला चहाचे ग्लास तिथंच ठेवून मागं सरला.

जावयानं हातोडा उचलला. चांगला जड, एक्सल ठोकायचा.

"पोखर्णीला शपथ कुणी घेतली होती? तू का मी?" तो ओरडला.

"तू नट ढिला सोडला. आमाला मारायला निघालास."

"माझी बायको त्या गाडीत बसून येणार, हे मला म्हाईत न्हाई व्हय? येडा झालास का?"

"बायकोची लय फिकीर तुला. कान बघ तिचा."

हातोडा वर गेला, टॉमी वर गेली. मी मध्ये शिरले. कुणाचा तरी कोपर माझ्या छातीत बसला, श्वास अडकला, पण मी दोघांच्या शर्टाला दोन हातांनी धरून लटकलेच. म्हाताऱ्या बाईचं वजन अंगावर पडलं की माणसाला नीट मारता येत नाही, ही मी माझ्या नवऱ्याच्या, मालकांच्या हयातीत शिकलेली गोष्ट आहे.

"गुमान ऱ्हा दोघंबी," मी म्हणाले. "गाडी खोला. इथं, माझ्यासमोर. नट ढिला निघाला तर माझी लेक ह्या पावली माघारी, आन् मग तुमी एकमेकांचे मुडदे पाडा, मी बघायलाबी थांबत न्हाई. घट्ट निघाला तर तू दाजीचे पाय धरायचे. आन् तिची बॅग मी माझ्या हातानं आत नेऊन ठिवते. कबूल?"

"कबूल," जावई म्हणाला.

पोरानं मान हलवली.

लेक गाडीला टेकून उभी होती, चांगला कान आमच्याकडं करून.

जावयानं गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं आणि बाजूला आडवं टाकलं. उभं राहून माझे गुडघे दुखायला लागलेले, म्हणून मी त्या चाकावरच बसले. एक्सलचं बाहेरचं टोक ज्या मोठ्या नटानं आवळतात, तो मधला नट खोलायला त्यानं पान्याला लांब पाईप अडकवला आणि दोन्ही हातांनी दाबला. नट हलला नाही. खांद्यातून रक्त ओघळून कोपरापर्यंत आलेलं. तो पाईपवर पाय देऊन उभा राहिला, एकदा उडी मारली, दुसऱ्यांदा मारली, तेव्हा कुठं नटानं करकर केलं.

"ढिला हाय का हा?" त्यानं पोराला विचारलं. "सांग की. हाय का ढिला?"

"आतलं टोक बसलं नसंल मग," पोरगा म्हणाला. "आत इंजिनाकडं."

"बघ तूच."

मग हातोडा सुरू झाला. असा ठोका, की समोरच्या पत्र्याच्या शेडवरची कबुतरं उडाली. प्रत्येक ठोक्याला तो पोराकडं बघायचा, लोखंडावर मारताना कुणाला मारत होता ते दिसत होतं. एक्सल निघाला, तेल भळाभळा जमिनीवर सांडलं. आतल्या टोकाची कडी, ती जागेवर गेल्यावर अडकते ती, शाबूत होती. त्यानं एक्सल परत आत सारला, खट आवाज आला. "आता वढ," तो पोराला म्हणाला. पोरानं पाय रोवून ओढलं, तोंड लाल झालं, एक्सल सुताएवढाही हलला नाही.

"आता जाग्यावर बसवलास," पोरगा म्हणाला. "आदी बसला नसंल."

जावयानं हातातला हातोडा जमिनीवर इतक्या जोरात फेकला, की तो उडून परत माझ्या पायाशी आला. "चल मग. बसवतो परत आन् चल रस्त्यावर. आता थरथरली तर काय म्हणशील?"

नट आवळून, सांडलं तेवढं तेल भरून, चाक चढवून चौघं बसलो. पोरगा चालवायला, शेजारी जावई, मागं आम्ही दोघी मायलेकी. गाव सुटलं, गाडी पन्नासवर गेली, पंचावन्न, आणि साठला परत तेच. स्टिअरिंग फडफडायला लागलं. पोरानं हसल्यासारखं केलं, ते हसू मला अजून आठवतं. आणि मग त्यानं डाव्या हातानं जावयाची मान धरली आणि त्याचं तोंड समोर आपटलं. एकदा. परत एकदा. गाडी चालू, एक हात स्टिअरिंगवर, गाडी आडवी जायला लागली, समोरून उसाचा ट्रॅक्टर, त्याचा हॉर्न, ट्रॉलीतले ऊस खिडकीला घासून गेले.

लेक ओरडली नाही. तिनं मागून भावाचे केस मुठीत धरले आणि त्याची मान सीटवर खेचून धरली. "सोड," ती म्हणाली. "त्यास्नी सोड, न्हाई तर मी तुझी मान मोडीन."

त्यानं सोडलं. जावयाच्या नाकातून आणि ओठातून रक्त गळत होतं, शर्टाचा पुढचा भाग भिजला.

गाडी तशीच पळत होती आणि थरथरत होती. त्या थरथरीत मला काहीतरी ओळखीचं वाटलं. आमची पिठाची गिरणी होती, मालक गेल्यावर ती मीच चालवली, गुडघे गेले तेव्हा बंद केली. गिरणी हादरायला लागली की ती दाणे पडल्यावर हादरते का रिकामी असतानाही हादरते, हे तळपायानं बघायचं. दाणे पडल्यावर हादरली, तर ताकद ज्यातून जाते त्यात खोट. रिकामी हादरली, तर जे फिरतं त्याचंच वजन एका अंगाला. एकदा आमच्या मालकांनी माझं ऐकलं नाही, तसंच चालू ठेवलं, आणि पट्टा तुटून त्यांच्या जबड्यावर बसला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता.

"रेसवरनं पाय काढ," मी पोराला म्हणाले.

"काय?"

"पाय काढ म्हणते. आन् गिअरबी काढ. गाडी नुसती पळू दे."

त्यानं काढला. इंजिनाचा आवाज बसला. गाडी मोकळी पळत राहिली, आणि थरथर होती तशीच होती. जसजसा वेग उतरला तसतशी ती उतरली.

जावयानं बाहीनं नाक पुसलं. "मामी बरोबर बोलायल्यात," तो म्हणाला. "आतला जॉइंट गेला असता तर वढताना हादरली असती, पाय काढल्यावर गप पडली असती. हे एक्सलचं न्हाई. हे चाक हाय. चाकाचं वजन बिघडलंय."

"चाक तर तूच काढलं, तूच बसवलं."

"गाडी फिरव. आन् परत मानेला हात लावला तर चालत्या गाडीतून तुला ढकलून देईन, मामी बसल्यात का न्हाई ते बघणार न्हाई."

गॅरेजवर परत आलो. पुन्हा जॅक, पुन्हा डावं चाक. एव्हाना बघ्यांची चांगली गर्दी झालेली, कुणी मोबाइल काढून उभे. जावयानं चाक ओढून काढलं तसं ते त्याच्या रक्तानं-तेलानं माखलेल्या हातातून निसटलं आणि घरंगळत लेकीकडं गेलं. तिनं ते अडवलं, गाडीला टेकवून उभं केलं. आतली बाजू तिच्याकडं होती. ती वाकली.

"दादा," ती म्हणाली. "हिकडं ये. ही माती कुठली?"

आम्ही सगळे गेलो. चाकाच्या लोखंडी वाटीत, आतल्या बाजूला, एका अंगाला मातीचा हा एवढा थर बसलेला. बाहेरून चाक चकचकीत, आत ढेकूळ. मघाशी चाक काढलं तेव्हा ते आडवं पडलेलं, चांगली बाजू वर, आणि त्याच्यावर मी बसलेली. सगळ्यांच्या नजरा मधल्या नटावर. आत कुणी पाहिलंच नव्हतं.

जावयानं पोराला छिन्नी दिली. पोरानं ठोकली तर दगडावर बसावी तसा आवाज. आमची काळी माती ओली असताना मेणासारखी चिकटते आणि वाळली की वीट होते, हे आमच्यापैकी प्रत्येकाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. चार-पाच ठोक्यांनी एक मोठं ढेकूळ सुटून पडलं. मी ते उचललं, हाताला चांगलं वजन लागलं. त्यात कापसाच्या पऱ्हाटीचा तुकडा होता आणि नारळाच्या शेंडीचे चार केस.

पोरानं ते केस पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. म्हसोबाला गेला तेव्हा कालव्याला पाणी सुटलेलं. गाडीवाटेच्या डाव्या चाकोरीत चिखल होता, त्यात गाडी रुतली आणि त्यानं ती रेस देऊन देऊन काढली होती. धुताना बाहेरून धुतली. आत बसलेली माती लिंबाखाली वाळत राहिली.

जावई हसायला लागला. फुटक्या ओठानं, दात नसलेल्या तोंडानं, रक्त थुंकत हसायला लागला. "म्हसोबाला विचार बरं, त्यानं नट ढिला सोडला का म्हणून. का त्यालाबी टॉमीनं हाणतोस?"

गर्दीतले लोक हसले. पोरानं कबूल केलेलं होतं. तो खाली बसला, वाकला, आणि जावयाच्या पायांना हात लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोघंही रक्तानं आणि ग्रीसनं बरबटलेले, पण मिटलं एकदाचं, असं मला वाटलं. बॅग काढायला मी डिकीकडं वळणारच होते.

जावयाला पोराला मारता आलं असतं. खरं सांगते, त्यानं तेव्हा पोराच्या पाठीत लाथ घातली असती तर मी मध्ये पडले नसते, आणि पोरानंही ती खाऊन घेतली असती. मान खाली घालून तो पुढ्यातच बसलेला. पण जावयानं त्याच्याकडं पाहिलं, मग मान वळवली आणि लेकीकडं पाहिलं. ती चाकापाशी उभी होती, हातांना माती.

"हिनं भरलं तुझ्या कानात," तो म्हणाला. "माहेरी ऱ्हाऊन ऱ्हाऊन हेच शिकवलं हिनं. माझी इज्जत काढली सगळ्या पाथरीसमोर." आणि त्यानं मूठ आवळून तिला हाणली. चांगल्या कानावर.

ती गाडीवर आदळली. जॅक तिरपा झाला, सटकला, आणि गाडीचं तोंड त्या अंगानं धाडकन खाली आलं. चाक नसलेली लोखंडी चकती जमिनीत रुतली, पोराच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. गर्दी मागं पळाली. लेक चाकाशेजारी पडली होती आणि तिच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली. जावई तिच्यावर वाकला, तिचे केस धरले, हात परत वर गेला.

माझ्या हातात ते ढेकूळ होतं. मी दोन्ही हातांनी उचलून ते त्याच्या कपाळावर घातलं. फुटलं ते. कपाळही फुटलं. तो गुडघ्यावर बसला, डोळ्यांत माती आणि रक्त, चाचपडत राहिला.

पोरगा उठला. शेजारी पडलेली टॉमी त्यानं उचलली. मी त्याला अडवलं नाही, हे सांगताना मला काही वाटत नाही.

अडवलं ते लेकीनं. ती उठून बसलेली. मोठ्यानं बोलली, बाजारात हाक मारावी इतक्या मोठ्यानं, कारण तिचं बोलणं तिला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. "दादा, त्यास्नी हात लावू नको. चाक बसव."

"अगं पण..."

तिला ते ऐकू गेलं नाही. "चाक बसव," ती परत म्हणाली. "नट नीट आवळ."

पोरानं जॅक लावला. पाना दोनदा सुटून त्याची बोटं सोलली. चाकात उरलेली माती त्यानं छिन्नीनं सगळी काढली, मागच्या चाकातही थोडी निघाली तीही काढली. जावई टपरीच्या बाकावर कपाळाला फडकं दाबून बसला होता. मी शेजारून गेले तसा म्हणाला, "मामी, गाडीत माझी खोट न्हवती. तुमी सगळ्यांसमोर कबूल केलं व्हतं."

"व्हय," मी म्हणाले. "कबूल केलं व्हतं."

लेकीनं जाऊन डिकीच्या झाकणावर हात ठेवला, ते नीट बसलंय का ते दाबून पाहिलं, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मानवतला दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा कान पाहिला, मग दुसरा पाहिला, आणि मला बाजूला घेऊन परभणीला न्यायला सांगितलं. परभणीला नेलं. डाव्या कानाचं थोडं परत आलं, जवळून मोठ्यानं बोललं तर तिला कळतं. उजव्याचं आलं नाही.

पुढं जावयाकडची माणसं आमच्या घरी आली. पुन्हा बैठक. त्याचे चुलते शहाणे गृहस्थ, आवाज न चढवता बोलणारे. आपल्या पुतण्याच्या कपाळाला टाके पडले हे त्यांनी एकदाच सांगितलं. माझ्याकडं रागानंही पाहिलं नाही.

"पाव्हणे, एक सांगा," ते पोराला म्हणाले. "एक्सल बरोबर बसवलेला निघाला का न्हाई?"

"निघाला."

"नट घट्ट होता?"

"व्हता."

"आतली कडी जाग्यावर होती?"

"व्हती."

"मग चूक तुमच्याकडून सुरू झाली. त्यानं तर मन लावून काम केलं व्हतं. गरम डोक्यात हात उठला, ते चुकलंच, ते आमी म्हणतोच. पण मुळात माणूस खोटा न्हाई, हे त्या गाडीनंच दाखवलं. दाखवलं का न्हाई?"

खरंच होतं ते. गाडी आता ऐंशीवर तेलासारखी पळत होती, आमच्याच दारात उभी होती, सगळ्यांना दिसत होती. मी त्या दिवशी जे मोजमाप ठरवलं, त्या मोजमापानं तो माणूस खरा निघाला होता. आता ते लेकीला नांदायला पाठवा म्हणणार, हे उघड होतं.

लेक चहा घेऊन आली. चुलते तिच्याकडं वळून काहीतरी म्हणाले. तिनं कपाळाला आठी घातली. "काय म्हणायलेत?" तिनं मला विचारलं.

मी तिच्या डाव्या कानापाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, ओरडूनच. एक्सल, नट, कडी, माणूस खोटा न्हाई, सगळं.

तिनं ऐकून घेतलं. हातातला ट्रे चुलत्यांपुढं धरला.

"एक्सल त्यांनी चांगलाच बसवला व्हता, मामंजी," ती म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "कुणी न्हाई म्हणलं? तुमच्या गाड्या खुशाल त्यांच्याकडंच टाका."

चुलत्यांनी कप उचलला आणि माझ्याकडं पाहिलं. मी साखर पुढं केली.